तांबेऱ्याला आवतण देणारा माणूस

मोरोपंत गर्गे गव्हाच्या शेतात जाताना परीटघडीचे पांढरेशुभ्र धोतर नेसून जात. शेतात जायचे तर माणूस जुनेपाने काहीतरी गुंडाळतो, हा साधा व्यवहार. पण गर्ग्यांचे सगळेच उलटे. सकाळी सायकलवर टांग टाकून निघत तेव्हा लग्नाला निघालेल्या वरबापासारखे दिसत आणि संध्याकाळी पंचवटीतल्या आमच्या गल्लीत शिरत तेव्हा तेच धोतर गुडघ्यापासून खाली विटकरी लाल झालेले असे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते याच अवतारात. मी नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्या शेजारची जागा भाड्याने घेतली होती. रंगपंचमी अजून बरीच लांब होती. आमच्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, म्हणजे जमिनीतल्या दगडी हौदांत रंग कालवून लोक त्यात धडाधड उड्या मारतात. मला वाटले, या गृहस्थांना तेवढा धीर धरवला नाही. मी ओट्यावरूनच विचारले, "काय हो, कुठल्या रहाडीत बुडी मारून आलात?"

त्यांनी खाली वाकून धोतराकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू मी त्यांच्या मुलाचे कौतुक केले. "रंग नाही हो, तांबेरा आहे हा! काय सुरेख आलाय यंदा! या, जवळ येऊन बघा."

तांबेरा हा गव्हाचा रोग. बुरशीच ती. पानांवर आणि ताटांवर तांबूस पुटकुळ्या येतात, हात लावला की विटेच्या भुकटीसारखी पूड बोटांना लागते आणि दाणा भरायच्या आतच चिमून जातो. पौषात आभाळ भरून आले आणि चार दिवस धुक्याची धुई बसली की आमच्याकडचा शेतकरी देव पाण्यात घालून बसे. अशा रोगाला सुरेख म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. गर्गे शेतीखात्यात पिकांच्या रोगांचे संशोधक होते. धोतराचा रंग हे त्यांचे मोजमाप होते. "भिंगातून एक पान दिसतं, मास्तर," ते म्हणत, "धोतराला सगळं शेत दिसतं."

या मोजमापाचा जाच होता तो गर्गेवहिनींना. परटाने केव्हाच हात जोडले होते. वहिनी ती धोतरे स्वतः गोदावरीवर नेऊन आपटत आणि येता-जाता आम्हाला ऐकवत, "लोकांचे नवरे घरी भाजी आणतात, फुलं आणतात. आमचे हे रोग आणतात." आणि ते अक्षरशः खरे होते. गर्ग्यांच्या कोटाच्या खिशात कागदाच्या पुड्या असत आणि पुड्यांत जिल्ह्यातल्या गावागावांची तांबेरलेली पाने. वहिनींनी एकदा हळदीची म्हणून त्यातली एक पुडी फोडणीत टाकली. गर्गे ताटावर बसून हळहळले ते आमटीसाठी नव्हे, तर त्या पुडीसाठी.

ही सगळी पाने जात ती सरकारी शेताच्या एका कोपऱ्यातल्या वाफ्यात. त्याला ते 'रोगट वाफा' म्हणत. तिथे नाना जातींचे गहू ओळीओळीने पेरलेले असत. दिवस कलला की गर्गे पानांची पूड पाण्यात कालवत, पिचकारीने ती रोपांवर उडवत आणि वर ओली गोणपाटे पांघरत, कारण ओल असली की बुरशी रुजते. रोग घालवणारे पुष्कळ असतात. हा माणूस रोगाला न्हाऊमाखू घालून पाट मांडत होता. आसपासच्या गावांत त्यांचे नाव 'तांबेरा गर्गे' पडले यात नवल नाही. एकदा माझ्यादेखत एका शेतकऱ्याने त्यांना तोंडावर सुनावले, "आमी देव पान्यात घालून बसतो, आन तुमी त्याला आवतान धाडता व्हय?"

गर्गे रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, आवतण धाडल्याशिवाय कळणार कसं, घरातलं कोण काठी घेऊन उभं राहतं आणि कोण खाटेखाली शिरतं?"

काठी घेऊन उभा राहणारा गहू त्यांना ठाऊक होता. तो म्हणजे आपली खपली. टरफल सुटता सुटत नाही, कांडताना हात भरून येतात, पण तांबेऱ्याला ती उंबरा ओलांडू देत नाही. उलट आमच्या भागातली लाडकी बनसी. रव्याला, शेवयांना तिच्यासारखी दुसरी नाही, पण रोग दिसला की पहिली मान टाकणार तीच. गर्ग्यांनी या दोघांची सोयरीक जुळवायची असे मनात घेतले. मी एकदा ते काम पाहायला गेलो होतो. बनसीच्या कोवळ्या ओंबीतल्या फुलांतले नर-केसर बारीक चिमट्याने एकेक काढून टाकायचे, ओंबीला कागदाची टोपी घालायची आणि फूल तयार झाले की खपलीचे पराग आणून त्यावर झटकायचे. गर्गे घामाघूम होऊन, श्वास रोखून ते करत होते. मला नेमकी शिंक आली, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "मास्तर, अंतरपाट धरलाय हो! मंगलाष्टकं झाल्यावर शिंका!"

या लग्नाची लेकरे सरळ निघत नव्हती. कुणी बनसीसारखे देखणे आणि तितकेच नाजूक, कुणी खपलीसारखे काटक पण टरफलात गच्च रुतलेले. दर हंगामाला रोगट वाफ्यात त्यांची परीक्षा आणि दर हंगामाला बहुतेकांना नारळ. असे कित्येक हंगाम गेले. माझे लग्न झाले, मुलगी झाली, ती चालायला लागली, तरी गर्गे आपले दर पौषात लाल धोतराने घरी येतच होते. आणि एका वर्षी एक ओळ उभी राहिली. दाणा बनसीचा, सुटा आणि टपोरा. पण चारी बाजूंनी तांबेरा माजलेला असताना हिच्यावर एक पुटकुळी नाही. फक्त पानांवर बारीक, फिकट पिवळे, मध्ये सुकलेले ठिपके. गर्गे त्या दिवशी सायकल हातात धरून पंचवटीपर्यंत चालत आले. बसायचे भान राहिले नव्हते.

मी ते पान पाहिले आणि स्वच्छ सांगितले, "पंत, हे तर डागाळलंय. हाही आजारीच दिसतो."

"आजारी नाही, शहाणा आहे!" ते ओट्यावर मांडी ठोकून बसले. "गावात एका झोपडीला आग लागली तर शहाणी माणसं काय करतात? आजूबाजूच्या चार झोपड्या आपणच पाडतात. आगीला पुढं जायला काही उरत नाही, ती जागच्या जागी विझते. हे पान तेच करतं. बुरशी आत घुसली की तिच्या भोवतालचा स्वतःचाच भाग पान मारून टाकतं. या बुरशीला जिवंत पानातच चरता येतं, मेलेल्यात तिची उपासमार होते. हा ठिपका म्हणजे रोग नव्हे, मास्तर. त्या पाडलेल्या झोपड्या आहेत. गाव शाबूत आहे." इतके बोलून त्यांनी पानावर अंगठा घासला आणि माझ्यासमोर धरला. अंगठा कोरा होता. इतिहास शिकवणाऱ्या मला झाडही लढाई लढते हे त्या दिवशी कळले.

पण मला जे ओट्यावर पटले ते मोठ्या मंडळींना बांधावर पटले नाही. सरकारी शेतात कोणता गहू पुढे वाढवायचा आणि शेतकऱ्यांना बियाण्याला द्यायचा, हे ठरवायला वरून पाहणी आली. त्यात एक बडे बागाईतदार रावबहादूर होते. त्यांनी ठिपक्यांची पाने पाहिली आणि नाक मुरडले. दुसऱ्या वाफ्यातला एक हिरवागार, निष्कलंक गहू त्यांनी पसंत केला. गर्गे परोपरीने सांगत होते, "तो निरोगी नाही हो, त्याची अजून रोगाशी गाठच पडलेली नाही." पण रूप पाहून हुरळणाऱ्यांना कोण समजावणार? वरून हुकूम असा निघाला की रोगट वाफा मोडावा आणि ती जागा दुसऱ्या कामाला द्यावी.

गर्ग्यांच्या हातात राहिले ते त्या एका ओळीच्या वाणाचे जमवलेले बी, एक लहानसे पोते. ते घेऊन ते माझ्याकडे आले. माझे मामा, रंगनाथमामा, दिंडोरीच्या रस्त्याला मळा करून होते. गर्ग्यांनी विचारले, "त्यांच्याकडे एक पट्टा मिळेल का?"

मामा म्हणजे सरळ माणूस, पण तोंडाने फटकळ. ऐकताच म्हणाले, "हा त्योच ना रोग पेरनारा? माझ्या वावरात नाय पाय ठेवायचा."

मामी चुलीपुढून म्हणाल्या, "खपलीचं रक्त हाय म्हनत्यात ना त्यात? मग बघा की पेरून. दाना सुटा हाय, म्हंजी कांडायचं तर बायांना लागनार नाय."

मामींपुढे मामांचे फारसे चालत नसे. त्यांनी बांधाकडेचा एक पट्टा देऊ केला. गर्गे म्हणाले, "तिथं नको. मधोमध द्या. दोन्ही अंगांना तुमची बनसी पाहिजे, म्हणजे तांबेरा नक्की येईल." मामा माझ्याकडे पाहतच राहिले. मी घाईघाईने विषय बदलला. परतताना मी गर्ग्यांना म्हणालो, "पंत, थोडं बी तरी घरी ठेवा. सगळंच पेरून मोकळे काय होता?" ते म्हणाले, "ठेवून काय करू? डब्यातला गहू रोगाशी भांडत नाही." झाले. त्यांच्या आयुष्याची सगळी कमाई माझ्या मामांच्या त्या पट्ट्यात गेली, आणि जामीन मी. मला त्या हंगामात नीट झोप लागली नाही.

पौषात आभाळ आले. धुई बसली. त्या रविवारी आम्ही दोघे सायकली हाणत मळ्यावर गेलो, तर लांबूनच दिसले की मधल्या पट्ट्यात विळे चालले आहेत.

आमच्याकडची रीतच ती. गहू डागाळला, आता दाणा भरायचा नाही असे वाटले, की तो हिरवाच कापायचा आणि बैलांपुढे टाकायचा. निदान वैरण तरी हाती लागते. शिवाय ठिपके दिसत होते ते फक्त नव्या गव्हावर. दोन्ही अंगांची बनसी हिरवी कंच डोलत होती. मामांना वाटले, हा घाणेरडा पट्टा आपला सगळा मळा नासवणार. निम्मा पट्टा कापून झाला होता.

गर्ग्यांनी सायकल तशीच सोडून दिली आणि ते धावत सुटले. मला वाटले, आता हा माणूस मामांच्या अंगावर जाणार. पण ते उभ्या गव्हात शिरले आणि विळ्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. कापणाऱ्या बाया थबकल्या. गर्ग्यांना धाप लागली होती, डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "मामा, एक पान घ्या. अंगठा घासून बघा."

मामांनी घासला. काही लागले नाही. "आज नाय लागत. उंद्या लागंल. समदा मळा घालवशीला माझा."

"तुमच्या बनसीतही तो शिरलाय, मामा. तिला अजून पत्ता नाही म्हणून ती गप्प आहे. याला चोर दिसलाय, म्हणून हा बोंबलतोय."

"गोड बोलून माझं वाटोळं नका करू, रावसाहेब. सरा."

"नाही सरणार," गर्गे म्हणाले.

कोण जाणे ते किती ताणले गेले असते. तेवढ्यात मामी भाकऱ्यांची पाटी घेऊन आल्या. त्यांनी एका नजरेत सगळे ताडले आणि म्हणाल्या, "वैरन काय पळून चाललीया? जी कापली ती बैलांस्नी चार दिस पुरंल. तवर ऱ्हाऊ द्या उभं. बनसीला काय झालं तर मग कापा, मी बी विळा घेते." मामांनी विळा बांधावर फेकला आणि पाठ फिरवून भाकरीला बसले. हा त्यांचा होकार होता.

गर्गे गोठ्यात गेले. बैल तो कापलेला गहू मिटक्या मारत खात होते. गर्गे त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "खा बाबांनो, खा. कित्येक वर्षांची वैरण आहे." मला हसावे की रडावे ते कळेना.

चार दिवसही लागले नाहीत. बनसी वणव्यासारखी पेटली. आज पुटकुळी, उद्या पान, परवा ताट. नुसत्या मामांच्याच मळ्यात नव्हे, दिंडोरीपासून इकडे सगळीकडे. रावबहादुरांनी पसंत केलेला तो निष्कलंक गहूही विटेच्या रंगाचा झाला. रोगाशी त्याची पहिली गाठ पडली आणि पहिल्याच गाठीला तो गडगडला. आणि मामांच्या मळ्यात, दोन तांबड्या पट्ट्यांच्या मधोमध, तो उरलेला निम्मा पट्टा हिरवा उभा होता आणि हळूहळू सोन्यासारखा पिवळा होत होता. बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक बैलगाड्या जुंपून पाहायला येऊ लागले.

एका रविवारी गर्गेवहिनीही आल्या. नवऱ्याचे काम पाहायला शेतावर त्या पहिल्यांदाच येत होत्या. बांधावर दोन-तीनशे माणसे जमली होती आणि त्यात रावबहादूरही होते. गर्गे आधी बनसीतून चालत गेले. पलीकडून बाहेर आले ते नेहमीसारखे लालेलाल. मग त्यांनी मामांच्या खोपीत जाऊन वहिनींनी आणलेले दुसरे धोतर नेसले आणि ते मधल्या पट्ट्यात शिरले. इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले, मुद्दाम ताटे पायांशी घुसळत चालले. बाहेर येऊन ते मधोमध उभे राहिले. धोतर पांढरे होते. पायथ्याशी थोडी माती लागली होती, बस्स.

मग जो गलका उठला तो मी कधी विसरणार नाही. लोकांनी मुंडाशी उडवली. जो तो पट्ट्यात शिरून आपापले धोतर घासून पाहू लागला, तेव्हा मामा ओरडले, "आरं तुडवू नका, तुडवू नका! बी हाय ते!" परवापर्यंत विळा घेऊन उभे असणारे मामा आता काठी घेऊन राखणीला उभे होते. रावबहादूर मात्र मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी जोडे काढले, स्वतः पट्ट्यातून एक फेरी मारली, आपले करवतकाठी धोतर निरखले आणि चारचौघांत म्हणाले, "गर्गे, मी गव्हाचा रंग पाहिला, तुम्ही त्याची कुवत पाहिलीत. चुकलो." मी वहिनींकडे पाहिले. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "आज पहिल्यांदा," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "हे माणसासारखे घरी येणार."

मळणी झाली. दाणा भरदार निघाला. गर्ग्यांचे नाव त्या वाणाला द्यावे असे सगळ्यांचे म्हणणे पडले, पण त्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी नाव लोकांनीच पाडले, 'ठिपक्या'. ज्या डागांपायी त्याला घालवून दिले होते, तेच डाग आता बायाबापड्या कौतुकाने दाखवू लागल्या. मामा आल्यागेल्याला मूठ-ओंजळ बी देत आणि वर डोळे वटारून सांगत, "ठिपके दिसलं तर विळा लावायचा नाय. लावला तर माझ्याशी गाठ हाय." आपण काय केले होते, याची त्यांना किंचितही आठवण राहिलेली दिसत नव्हती.

गर्गे जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या विजयाच्या गोष्टी सांगताना लोक त्या रविवारपाशी थांबतात. मी थांबत नाही, कारण खरे गर्गे मला त्यानंतर दिसले.

पावसाळा सरला आणि सरकारी शेतात ठिपक्या वाढवायचे ठरले. गर्गे वरच्यांकडे गेले आणि त्यांनी रोगट वाफा परत मागितला. त्यांना हसून उत्तर मिळाले, "आता कशाला? तांबेरा तर तुम्ही जिंकलात." गर्ग्यांना हे कुणालाच पटवता येईना की बुरशीसुद्धा शिकते. आज तिला ठिपक्याचे दार उघडत नाही. ती गप्प बसणार नाही, नवी किल्ली घडवील, आणि ती घडवायच्या आत आपल्याकडे ठिपक्याहून कणखर गहू तयार पाहिजे. म्हणजे पुन्हा गावोगावचा जालीम तांबेरा आणायचा आणि आपल्याच लेकराच्या अंगावर सोडायचा. साऱ्या जिल्ह्यात जयजयकार चालला असताना हा माणूस जागेसाठी वणवण फिरत होता. मला त्यांची काळजी वाटली. मी मामांना सहज बोलून गेलो.

पेरणीच्या आधी त्यांचा निरोप आला, रावसाहेबांना घेऊन ये. आम्ही गेलो. मामा आम्हाला घरात न नेता सरळ विहिरीकडे घेऊन गेले. विहिरीलगतचा तो तुकडा म्हणजे त्यांच्या सगळ्या मळ्यातली काळी, कसदार जमीन. त्यात ते सख्ख्या भावालाही पाय ठेवू देत नसत. तो नांगरून, ढेकळे फोडून, वाफे पाडून तयार होता. मामांनी टाचेने एक रेघ ओढली आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "हितं पेरा तुमचा रोग. पानी जवळ हाय, आन धुई बी समद्यांत आधी हितंच बसती. लय बरं वाटंल त्याला."

गर्ग्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या आणि वाफ्यात उतरले.